बसलेल्या आवाजाचा आरोग्यमित्र

६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८
निवृत्त होऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत समाजाने माझा काडीचाही उपयोग करून घेतलेला नाही. नुकसान समाजाचं.

आज वाचनालयाच्या फळ्यावर कॅन्सर हॉस्पिटलची नोटीस पाहिली. वस्तीतल्या सामान्य लोकांना 'आरोग्यमित्र' म्हणून ट्रेनिंग देणार आहेत. मित्राने आपल्या भागात कॅन्सरची माहिती सांगायची, लोकांना वेळेवर तपासणीला धाडायचं आणि हॉस्पिटलच्या संशोधनात भाग घ्यायला तयार करायचं. 'सामान्य' या शब्दाला माझी हरकत आहे, तरी नाव नोंदवलं. लायसन्स ऑफिसात एकतीस वर्षं काढली. खिडकीतून दिलेली माझी हाक फाटकाबाहेरच्या रांगेला ऐकू जायची. असा माणूस त्यांना कुठे मिळणार?

हिला सांगितलं. ही म्हणाली, जा, शनिवार तरी शांततेत जाईल.

संकल्प: बॅचमध्ये पहिला येणे. उद्यापासून सिगारेट बंद. कमी बुद्धीच्या माणसांशी सबुरीने वागणे.

ता. क. आवाज जरा बसलाय. सर्दीचं शेपूट.

७ फेब्रुवारी
सिगारेट बंद. फक्त चार.

११ फेब्रुवारी, शनिवार
पहिला वर्ग. जागा: दवाखान्यामागचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय आखूड, ती नेमकी मला. प्रोजेक्टर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांच्या थप्पीवर ठेवलेला. ट्रेनर मॅडम डॉक्टर आहेत म्हणे. वय अठ्ठावीस असेल. माझ्या ऑफिसात असत्या तर आवक-जावकला बसवलं असतं.

बॅच बारा जणांची. दर्जा शून्य. एक शिलाईवाली, गळ्यातला टेप न काढताच आली. एक बँकेचा वॉचमन, बसल्या जागी डुलक्या घेतो. आणि माझ्या शेजारी चौकातला सलूनवाला. म्हणजे ज्याच्या हातात वस्तरा, तो लोकांना कॅन्सरची माहिती देणार. ऐकणारा बिचारा पळणार कुठे?

प्रत्येकाने का आलो ते सांगायचं होतं. शिलाईवाली म्हणाली, बहिणीने लाजेपोटी छातीतली गाठ वर्षभर लपवली. ब्लाउजचं माप घेताना माझ्या हाताला लागली तेव्हा फार उशीर झाला होता. सलूनवाला म्हणाला, एका गिऱ्हाइकाच्या तोंडातला पांढरा चट्टा दाढी करताना महिनोन्महिने दिसत होता. आपण कोण सांगणारे, म्हणून गप्प बसलो. तो माणूस गेला. दोघांनी रुमाल काढले. ट्रेनिंगला आलेत की रडायला, काही कळेना. वातावरण सुधारावं म्हणून मी अकरा मिनिटं बोललो. शेवटी शेवटी घशातून पत्रा ओढल्यासारखा आवाज यायला लागला. मॅडमनी विचारलं, पाणी हवंय का. मी म्हणालो, मुद्दे संपल्यावर.

सलूनवाला मला साहेब म्हणतो. तेवढी समज आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
पुस्तिका वाचली. चोवीस पानं. लाल पेनाने सतरा दुरुस्त्या केल्या. मॅडमना शनिवारी देईन. लागेल मनाला, पण शिकतील.

पान नऊवर लिहिलंय की तीन आठवड्यांहून जास्त काळ आवाज बसलेला असेल तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. सूचना योग्य आहे. लोकांना अशा गोष्टी सांगाव्याच लागतात. माझ्या बाबतीत लागू नाही. कारण गेल्या गुरुवारी दुपारी माझा आवाज चांगला दोन तास मोकळा होता. म्हणजे सेवेत खंड पडला. खंड पडला की आधीचा काळ धरत नाहीत, मोजणी नव्याने सुरू होते. हा नियम मी एकतीस वर्षं लोकांना लावलाय. त्याप्रमाणे आज फक्त पाचवा दिवस.

सिगारेट बंद. दोन. (तिसरी धरली नाही. ती वॉचमनने दिली.)

१८ फेब्रुवारी, शनिवार
दुसरा वर्ग. विषय: ऐकणे. हा काय विषय झाला? मॅडम म्हणाल्या, आरोग्यमित्राने आधी ऐकायचं, मग विचारायचं, आणि सांगायचं सगळ्यात शेवटी. निदान तर कधीच करायचं नाही. समोरच्याला डॉक्टरपर्यंत पोचवलं की आपलं काम झालं. गरज पडली तर सोबत जायचं.

मग जोड्या लावल्या. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने अवाक्षर न काढता ऐकायचं. माझी जोडी सलूनवाल्याशी. तो दुकानातल्या आरशाबद्दल काहीतरी सांगत होता. चाळीस सेकंदांत मी त्याला आरसा कुठे लावायला हवा ते सांगितलं. मॅडमनी घड्याळ थांबवलं.

मग माझी पाळी. मी दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटं बोललो. हा माणूस पापणी न हलवता ऐकत होता. नजर मात्र माझ्या गळ्यावर. धंद्याची सवय असणार. शेवटी विचारलं काय, तर गुळण्या कशाच्या करता साहेब? म्हटलं, मिठाच्या. किती दिवस? म्हटलं, नियमाप्रमाणे नववा. त्याने वहीत लिहून घेतलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

पुस्तिकेतल्या दुरुस्त्या दिल्या. मॅडमनी आभार मानले आणि नेमकं पान नऊ उघडून बसल्या. तिथे मी फक्त एक स्वल्पविराम दिला होता.

२५ फेब्रुवारी, शनिवार
तिसरा वर्ग. संशोधन. हॉस्पिटल निरोगी आणि आजारी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांची माहिती घेणार: एक लांबलचक प्रश्नावली आणि थोडं रक्त. शिवाय हेही पाहणार की लोक आपणहून लवकर तपासणीला येतात की आरोग्यमित्राच्या सांगण्यावरून.

मॅडमनी पाऊण तास संमतीवर घालवला. फॉर्म सात पानी. आधी समजावून सांगायचं, घरी न्यायला द्यायचा, घाई करायची नाही, नाही म्हणाला तर हसून निरोप घ्यायचा. शिलाईवालीने विचारलं, सही केल्यावर मन बदललं तर? मॅडम म्हणाल्या, केव्हाही बाहेर पडता येतं, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. मी थक्क. अशाने संशोधन चालायचं कसं? आमच्या ऑफिसात आत गेलेला कागद माणूस मेल्यावरसुद्धा बाहेर आला नाही.

प्रत्येकाने महिन्याभरात दहा जणांशी बोलायचं आहे. सलूनवाल्याने विचारलं, दहा जमतील ना? मी पन्नास लिहून दिले.

२८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १
मोहीम फत्ते. एका तासात चौदा सह्या. आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टपाशी उभा राहिलो. पद्धत माझीच, कसलेली: फाइल उघडी, फॉर्मचं शेवटचं पान वर, पेनाचं टोपण काढलेलं, बोट रकान्यावर. इथे सही. लोक सही करतात. माणसाला बोट दाखवलं की तो सही करतोच; एकतीस वर्षांत एकानेही आधी वाचलेलं नाही. आवाज नसल्याचा फायदाच झाला, कारण समजावण्यात वेळ गेला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकाने विचारलं, लिफ्टच्या दुरुस्तीचं आहे ना? मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

वाटेत सलूनमध्ये डोकावलो. याच्याकडे एकही फॉर्म नाही. म्हणतो, तिघांशी बोलणं चालू आहे, एकजण फॉर्म घरी घेऊन गेलाय, बायकोला विचारून सांगतो म्हणाला. माझी फाइल दाखवली. बघत राहिला. मग म्हणाला, साहेब, दोन मिनिटं खुर्चीत बसा, मान जरा मागे करा, बघू. मी म्हणालो, मी केस घरी कापतो.

४ मार्च, शनिवार
चौदाच्या चौदा फॉर्म रद्द.

मॅडमनी एकेकाला फोन केला म्हणे. बारा जण म्हणाले, लिफ्टसाठी सही केली. एक म्हणाला, कुरिअर होतं. प्राध्यापकाने तर लिफ्ट कधी सुरू होणार असं मॅडमनाच विचारलं. मॅडम वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, काका, अशा सहीला आमच्याकडे किंमत नाही. काका! यांच्या वडिलांचं लायसन्ससुद्धा माझ्या सहीने निघालं असेल.

सरळ आहे. चौदाचा आकडा डोळ्यांत खुपला.

त्याच वर्गात शिलाईवालीसाठी टाळ्या. काय केलं तिने? एका बाईला तपासणीला नेलं आणि आत जाईपर्यंत तिचा हात धरून बसली. हात धरायला ट्रेनिंग कशाला लागतं? मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात फाइल होती.

७ मार्च, मंगळवार
मेहुण्याचा फोन आला, मी उचलला. त्याने हिला विचारलं, घरी कोण म्हातारा आलाय? ही माझ्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, आता डॉक्टरांना दाखवाच. मी म्हणालो, घरात आरोग्यमित्र असताना बाहेर कशाला जायचं? ही म्हणाली, मग आरोग्यमित्रा, पान नऊवर काय लिहिलंय ते वाचून दाखव. पान नऊ हिला कसं माहीत? माझे कागद चाळते. ही वही आजपासून फायलींच्या कपाटात.

पावाच्या कडा सोडतोय. कडा गिळायला त्रास होतो असं नाही. हल्ली पावच निबर येतो.

नियमाप्रमाणे आज सव्विसावा दिवस होतो. पण रविवारी सकाळी पाच मिनिटं आवाज बरा होता. म्हणजे दुसरा दिवस.

११ मार्च, शनिवार
आजचा दिवस संपूर्णपणे माझा.

रोल प्ले होता. मॅडम चिठ्ठ्या वाटतात, एकाने रोगी व्हायचं, दुसऱ्याने आरोग्यमित्र. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या छापील. माझी एकट्याची हाताने लिहिलेली, खास. चिठ्ठीत होतं: वय साठच्या आसपास, दोन-अडीच महिने आवाज बसलाय, डॉक्टरकडे जायला तयार नाही. आव्हानात्मक भूमिका. म्हणूनच मला दिली असणार. आरोग्यमित्र झाला सलूनवाला.

तो खुर्ची ओढून समोर बसला. विचारलं, कधीपासून आहे? मी भूमिकेत शिरून म्हणालो, सर्दी झाली होती तेव्हापासून. गिळताना? म्हटलं, पाव टोचतो. सिगारेट? म्हटलं, बंद केलीय, रोज चार. मग विचारलं, भीती वाटते का, साहेब? हा प्रश्न पुस्तिकेत कुठेच नाही. तरी मी डगमगलो नाही. म्हणालो, एकतीस वर्षं माणसं मला आवाजाने ओळखत होती. आत काही निघालं आणि तो काढून घेतला, तर रांगेतले लोक मला ढकलून पुढे जातील. हे कुठून सुचलं देव जाणे. पट्टीचे नट म्हणे असंच आतून काढतात.

वॉचमन जागा होता. शिलाईवाली डोळे पुसत होती. सलूनवाला म्हणाला, मंगळवारी दुकान बंद ठेवतो, तुमच्यासोबत येतो. मी भूमिकेतच म्हणालो, बरं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतके भारावले होते.

नंतर मॅडमनी थांबवून घेतलं. मला वाटलं, सुपरवायझरची जागा असेल. मॅडमनी एक चिठ्ठी दिली. मंगळवार, साडेदहा, नाक-कान-घसा विभाग, पहिला मजला. म्हणजे रोल प्लेचा दुसरा भाग, प्रत्यक्ष जागेवर. कल्पना वाईट नाही. पण एकदा उत्तम वठलेली भूमिका पुन्हा करण्यात अर्थ नसतो.

१४ मार्च, मंगळवार
सकाळी साडेनऊला बेल. सलूनवाला. इस्त्रीचा शर्ट, दुकान खरंच बंद ठेवून आलेला. यांना नाटक आणि वास्तव यांतला फरक कळत नाही, हाच तर यांचा प्रॉब्लेम. हिच्याकरवी निरोप दिला की मी आंघोळीला गेलोय. निरोप खोटा ठरू नये म्हणून गेलो.

तो थांबला. हिने चहा दिला. मी बाथरूममध्ये एक तास दहा मिनिटं. गरम पाणी वीस मिनिटांत संपलं. बाहेरून दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बोटांची मनुकं झाली. तो गेल्यावर बाहेर आलो.

मी बोललो, तर ही म्हणाली, ऐकू येत नाही. मुद्दाम म्हणाली की खरंच, ते विचारलं नाही.

सिगारेट: सहा. आज परिस्थितीच तशी होती.

१६ मार्च, गुरुवार
शनिवारी प्रमाणपत्रं वाटणार. आभाराचं भाषण कोणी करायचं हे ठरलं नव्हतं, म्हणून मी मॅडमना कळवलं की ते मी करतोय. पाच पानं लिहून काढली. तिसऱ्या पानावर सहकाऱ्यांना दोन खडे बोल आहेत. न सांगता कोणी सुधारत नाही. सांगूनही नाही, पण आपण सांगत राहायचं.

आवाजाला संपूर्ण विश्रांती. हिला सगळं कागदावर लिहून देतोय. हिने एकाही कागदाला उत्तर दिलेलं नाही, फक्त दरवेळी पुस्तिका आणून शेजारी ठेवते.

१८ मार्च, शनिवार. संध्याकाळी
झालं ते असं.

हॉल भरलेला. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर आलेले. मी माइकसमोर उभा राहिलो. पहिलं वाक्य घोगरं निघालं, दुसरं त्याहून घोगरं. तिसऱ्या वाक्याला आवाज आलाच नाही. नुसती हवा. साउंडवाल्याला वाटलं माइक गेला. धावत आला, सेल बदलले, हॅलो हॅलो केलं. त्याचा आवाज खणखणीत. माइक परत माझ्या हातात दिला. पुन्हा हवा. त्याने वायर बदलली.

तेवढ्यात सलूनवाला उठून आला. माझ्या हातातून कागद घेतले, शेजारी उभा राहिला आणि वाचायला लागला. म्हणाला, साहेबांचं भाषण, साहेबांच्या शब्दांत. मला त्याला तिसऱ्या पानाबद्दल सांगायचं होतं. सांगणार कशाने? बाही ओढली. त्याला वाटलं मी धीर गोळा करतोय. त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

तिसरं पान त्याने जसंच्या तसं वाचलं. 'अल्पशिक्षित, अजागळ आणि विषयाची गंधवार्ता नसलेल्या मंडळींच्या गर्दीत प्रस्तुत वक्त्याला सहा शनिवार जे सोसावं लागलं, त्यात दाढी-कटिंग करणाऱ्यांपासून वैद्यकीय प्रश्न ऐकून घेणंही आलं.' मध्ये एकदा क्षणभर थांबला. मला वाटलं, आता कागद टाकून जाईल. तो चष्मा पुसायला थांबला होता. मागे कोणीतरी हसलं. शिलाईवाली मांडीवरच्या प्रमाणपत्राकडे बघत राहिली. त्याने पाचही पानं वाचली, शेवटचं धन्यवादसुद्धा.

मग कागदांची नीट घडी करून माझ्या खिशात घातली आणि कानाशी येऊन म्हणाला, मंगळवारी साडेनऊला येतो साहेब, आंघोळ तेवढी आधी उरकून ठेवा.

मी मान हलवली.

१९ मार्च, रविवार
काही नाही.

२१ मार्च, मंगळवार
गेलो. ही, मी आणि तो. बसमध्ये त्याने मला खिडकी दिली.

नाकातून बारीक नळी घातली, टोकाला कॅमेरा. स्क्रीनवर माझा घसा दिसला. आत दोन फिकट पट्ट्या. एकतीस वर्षं मी ज्यांच्या जिवावर लोकांना रांगेत उभं केलं, त्या इतक्याशा आहेत. उजवीवर खरखरीत पांढरं काहीतरी. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी बोटांनी मोजायला लागलो, खंड वजा करून. ही म्हणाली, वर्षाच्या पहिल्या आठवड्यापासून. डॉक्टरांनी हिचं उत्तर लिहिलं.

शुक्रवारी तपासणीसाठी त्याचा तुकडा काढणार. या सगळ्याला रोल प्ले म्हणावं असं आज एकदाही वाटलं नाही.

सिगारेट: शून्य. संकल्प म्हणून नाही. पाकीट खिशात होतं, हात गेला नाही.

३० मार्च, गुरुवार
रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

लहान आहे, एकाच पट्टीवर आहे, अजून पसरलेला नाही. रेडिएशन देऊ, बरं होण्याची शक्यता चांगली आहे, आवाजही बऱ्यापैकी राहील, असं डॉक्टर म्हणाले. आणखी सहा महिने थांबला असतात तर स्वरयंत्र काढण्याच्या गोष्टी कराव्या लागल्या असत्या, असंही म्हणाले. ही माझा दंड धरून होती, अजून वळ आहे.

पुस्तिकेत हा शब्द पानोपानी आहे. मी त्याच्या शुद्धलेखनावर खूण केली होती.

मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय.

३ एप्रिल, सोमवार
रेडिएशनआधीच्या मोजमापांसाठी हॉस्पिटलमध्ये. ट्रेनर मॅडम भेटल्या. म्हणाल्या, संशोधनात भाग घ्यायचा का, घाई नाही, घरी नेऊन वाचा, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. मी तिथेच बाकावर बसून सातही पानं वाचली. दीड तास लागला. सही केली. मग प्रश्नावली दिली.

सगळं भरलं. वय, वजन, सिगारेट (खरा आकडा). शेवटच्या पानावर प्रश्न होता: तपासणीला कोणाच्या सांगण्यावरून आलात? पुढे चार चौकोन. स्वतःहून, नातेवाईक, डॉक्टर, आरोग्यमित्र. मी 'स्वतःहून'वर खूण केली. हात सवयीने गेला. शेजारी ही बसली होती. बघितलं तिने. समोरच्या भिंतीशी, कालच्या पेपरातलं कोडं सोडवत, तो बसला होता. आजही दुकान बंद.

पाच मिनिटं त्या खुणेकडे बघत बसलो. मग खोडली. 'आरोग्यमित्र'वर केली. त्याच्यापुढे आणखी एक रकाना: आरोग्यमित्राचं नाव.

नाव मला माहीत नव्हतं.

सहा शनिवार शेजारी बसलो होतो. माझ्या दारात दोनदा आला, माझं भाषण वाचलं, नळी घालताना माझा चष्मा धरून उभा राहिला. या वहीत त्याच्यावर पानंच्या पानं लिहिलीत. नाव एकदाही नाही, कारण विचारलंच नव्हतं. हिला खुणेने विचारलं. हिला माहीत होतं, चहा देताना पहिल्याच दिवशी विचारलं होतं म्हणाली. सांगेना मात्र. म्हणाली, समोर बसलेत, तुम्हीच विचारा.

हाक मारायची तर आवाज नाही. उठलो, कॉरिडॉर ओलांडला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि जो काही आवाज होता त्यात विचारलं, तुमचं नाव काय? त्यांना आधी वाटलं मी पाणी मागतोय. दुसऱ्यांदा विचारलं. मग हसले, सरकून जागा केली, आणि आडनावासकट सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलं. काना-मात्रा त्यांच्याकडून तपासून घेतल्या.

फॉर्म खिडकीवर दिला. आतल्या मुलीने शेवटचं पान बघितलं आणि परत सरकवला. म्हणाली, काका, संशोधनाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, नवीन भरून द्या. एकतीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याला सुमार नाही. तिने निदान काका तरी म्हटलं.

नवा फॉर्म घेतला आणि परत त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. या वेळी शेवटचं पान आधी भरलं.